कंसात बघ

सोमवार, ३ तारीख

माझा आवाज एकतीस परक्या घरांत फिरतोय आणि मला हे कळलं कधी, तर काम सुरू झाल्यावर. नात म्हणाली होती, "आजी, एकदा बोलून दाखव ना, नमुन्यापुरतं." मी बोलले. "उठलात का? बरं असेल तर एक दाबा, बरं नसेल तर दोन दाबा." तेव्हा मला सर्दी झालेली, घसा बसलेला. तोच नमुना कायमचा करून टाकला. आज आठ वाजता एकतीस म्हाताऱ्या माणसांना माझ्या चोंदलेल्या नाकाने उठवलं.

तक्रार झाली, आता वहीला नमस्कार. ही नातीने दिली. "रोज काय दिसलं ते लिहून ठेव," म्हणाली. तिला दाखवायचं ते पुढून लिहीन, हे माझं मागून. मी चौथी शिकलेली आहे. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला कोणी बसू नये.

काम असं आहे. नात आणि तिचा कामातला जोडीदार, ज्याला मी दाढी म्हणते कारण चेहऱ्यावर दुसरं काही दिसतच नाही, या दोघांनी एक प्रोग्राम बनवलाय. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांना तो आठ, एक आणि सहा वाजता फोन करतो. त्यांनी आकडा दाबला की इथे मोठ्या पडद्यावर त्यांच्या ओळीत ठिपका उमटतो. एक दाबला तर हिरवा, दोन दाबला तर लाल. ठिपका आलाच नाही तर मी स्वतः फोन करायचा, आणि तोही उचलला नाही तर किल्ली असलेल्या शेजाऱ्याला पळवायचं. ठिपका नाही म्हणजे कोणीतरी न्हाणीघरात पडलंय, असंच धरून चालायचं.

ऑफिस म्हणजे पूर्वीचं चष्म्याचं दुकान. डोळे तपासायचा तक्ता अजून भिंतीवर आहे. त्याची शेवटची ओळ मला वाचता येते. नातीला येत नाही.

मंगळवार, ४

ठिपके या खोलीत बनत नाहीत हे आज कळलं. प्रोग्राम जे जे करतो ते बडबडत असतो. अमक्या घराला फोन लावला, इतके सेकंद लागले, एक दाबला. त्या एकेका वाक्याला ही मंडळी इव्हेंट म्हणतात. ती वाक्यं लांबच्या एका कंपनीकडे जातात. कंपनी ती साठवते आणि त्यांचं चित्र काढून आपल्यालाच परत दाखवते.

मी म्हटलं, "म्हणजे आपल्या घरात काय झालं ते लांबच्या बाईला कळवायचं, आणि मग तिच्याकडून ऐकायचं."

"तसंच," नात म्हणाली. "प्रोग्राम आजारी पडला तर स्वतःची तब्येत स्वतः कशी सांगेल? बाहेरचं कोणीतरी बघणारं लागतं."

प्रोग्रामची भाषा क्लोजर नावाची. मी डोकावून पाहिली तर नुसते कंस. उघडायचे आणि मिटत बसायचे. सत्तावीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईत काढली. तिथेही गाठोड्यात गाठोडं असायचं, पण शेवटी आतून चादर तरी निघायची.

पडद्याच्या बाजूला माझ्यासाठी एक काळी खिडकी आहे. कोणी कोणी उत्तर दिलं ते तिच्यातून थेट प्रोग्रामला विचारता येतं. कंस उघडायचा, 'बघ' लिहायचं, कंस मिटायचा, मोठी कळ दाबायची. यादी येते. 'बघ' हा शब्द नातीने खास माझ्यासाठी आत घातला आणि कळांवर अक्षरं चिकटवून दिली. मी दर दोन मिनिटांनी 'बघ' करते. बसून दुसरं करायचं काय?

गुरुवार, ६

सकाळी सतरा नंबरचा ठिपका नाही. फोन लावला. ही बाई बाइंडर. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिवली.

"आठला फोन आला होता ना? आकडा का नाही दाबलात?"

"तूच का ती? रोज उठलात का म्हणून विचारतेस, आणि मी बोलायला लागले की ठेवून देतेस. ही कुठली रीत?"

ते यंत्र आहे हे मी तिथेच सांगायला हवं होतं. म्हटलं, "घाईत असते."

"घाईत असतेस तर विचारू नकोस. माझे हात डिंकात होते."

"कोणाचं पुस्तक?"

"कोणाचं नाही. कोरे कागद शिवतेय. रिकामं बसलं की बोटं वाकडी होतात."

सात मिनिटं बोलत होती. लेक परगावी, मोठ्या हुद्द्यावर. "तिचे फोन माझ्या झोपेत येतात आणि माझे तिच्या मीटिंगमध्ये जातात," म्हणाली. हिरवा ठिपका आला की त्या लेकीला आपल्याकडून आपोआप संदेश जातो, आई इतक्या वाजता ठीक. दोघींना तेवढं पुरतं म्हणे.

वहीच्या पुढच्या बाजूला मी लिहिलं: सतरा, ठीक, हात डिंकात. बाई तोंडाळ आहे. मला तोंडाळ बायका आवडत नाहीत. उद्या ठिपका वेळेवर आला तरी एकदा फोन करून बघेन, सवय म्हणून.

सोमवार, १०

एक गोष्ट मला पटत नाही.

आज आठला मी हात बांधून बसले. 'बघ' केलं नाही. फोन गेले, लोकांनी उचलले, भिंतीवरच्या फोनच्या पेटीतला दिवा लुकलुकत होता. पडदा कोरा. आठ पाच झाले, आठ दहा झाले, कोराच. मग मी कंस उघडला, बघ, कंस मिटला. कळ दाबली आणि एकतीस ठिपके एकदम आले. सगळे दाराआड उभे असल्यासारखे.

नातीला सांगितलं. ती म्हणाली, "लांबून यायला वेळ लागतो गं."

एक वाजता तिला शेजारी बसवलं. पडदा कोरा. पाच मिनिटं तिने दम धरला, मग म्हणाली, "थांब, प्रोग्राम काय म्हणतो ते पाहू," आणि माझ्याच खिडकीत 'बघ' केलं. ठिपके हजर.

"आले की नाही? उगाच घाबरतेस."

"घाबरतंय कोण? तू बघितलंस म्हणून आले, एवढंच म्हणतेय."

दाढी हसला. "आजी, न बघता तपासायचं तरी कसं?"

तो चेष्टेने बोलला. मी घरी येईपर्यंत त्याचं उत्तर शोधत होते.

बुधवार, १२

दाढ काढायची म्हणून सकाळी सातलाच दाताच्या डॉक्टरकडे गेले. रांग, मग सुई, मग घेरी आली म्हणून त्यांनी दुपारभर आडवं पाडलं. ऑफिसला पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. तोंडात बोळा, बोलायची सोय नाही.

नातीची सकाळपासून, हा प्रोग्राम घेऊ म्हणणाऱ्या इस्पितळवाल्यांबरोबर बैठक होती. पडदा दिवसभर कोरा होता. एकतीसच्या एकतीस ओळी कोऱ्या, म्हणजे बिघाड लांबच्या कंपनीचा, असं दोघांनी धरलं. फोन तर उचलले जात होते.

मी बसले. 'बघ' केलं. चार वाजून दहा मिनिटं, एकतीस ठिपके, सगळे हिरवे. सतरापण. नात म्हणाली, "आजी, तू आलीस की सगळे नीट वागतात."

सहाला 'बघ' केलं. तीस. सतरा नाही. फोन लावला, वाजत राहिला. शेजाऱ्याला किल्ली घेऊन धाडला. त्याने फोन कानाला तसाच ठेवला होता. कुलूप उघडल्याचा आवाज आला. त्याने चपला काढल्या.

गुरुवार, १३

सतरा गेली. टेबलाजवळ जमिनीवर होती. डॉक्टर म्हणाला, सकाळी दहा ते बाराच्या मधे केव्हातरी. शेजारी म्हणाला, हात उचलायला गेलो तर अख्खं अंग हललं.

दाढीने पडद्यावरची वेळ दाखवली. "डॉक्टर चुकत असतील. चार दहाला तिने एक दाबलाय. नोंद आहे आपल्याकडे."

मी म्हटलं, "त्याने हात लावून पाहिलंय. तू ठिपका पाहिलायस."

इस्पितळातून येणारी चादर मी सत्तावीस वर्षं उलगडली. माणूस त्यातून कधी उठलं आणि कधी उठलंच नाही, ते चादर धुवायच्या आधी कळतं. सकाळीच ताठलेली बाई चार दहाला मला 'बरी आहे' म्हणाली, हे मी कोणाला सांगू? आणि म्हणाली तर खरी. हिरवा ठिपका माझ्या डोळ्यांनी पाहिला.

शुक्रवार, १४

काही लिहायचं नाही. दाढेच्या जागी खड्डा, जीभ तिथेच जाते.

शनिवार, १५

नातीला चूक सापडली. सकाळभर ती आणि दाढी प्रोग्रामच्या एकाच ओळीकडे बघत होते. मग तिने मला समोर बसवून सांगितलं.

ही भाषा आळशी आहे. शिवी नाही, तिचा गुणच तो. तिला म्हटलं या सगळ्या नोंदींचं अमुक कर, तर ती हो म्हणते आणि नुसतं लक्षात ठेवते. करत काही नाही. कोणी निकाल मागितला की मगच उठते. "आम्ही तिला नोंदी कंपनीकडे पाठव म्हणून सांगितलं होतं," नात म्हणाली. "ती हो म्हणून बसून राहिली. तू 'बघ' केलंस की तुला यादी दाखवायची म्हणून नाइलाजाने एकेक नोंद हातात घ्यायची आणि तेव्हा पाठवायची. आम्ही तपासायचो तेव्हा आम्हीही बघायचोच. त्यामुळे आमच्यासमोर कधी चुकली नाही."

"तुझ्या आजोबांसारखी," मी म्हटलं. ती हसली नाही.

"आणि वेळ?"

"वेळ पाठवतानाची लागत होती. दाबल्याची नाही."

म्हणजे सतराने एक दाबला होता आठ वाजताच. चार दहा ही तिची वेळ नव्हती. माझी होती, मी खुर्चीत बसल्याची. तिचं सकाळचं बरं असणं दिवसभर आत पडून होतं आणि मी बघितल्यावर बाहेर आलं.

पुढचं तिने खाली बघून सांगितलं. त्या दिवशी मी एकदाच 'बघ' केलं, त्यात आठचे ठिपके आले आणि एकचेही आले, सगळे चार दहालाच. एकावर एक बसले. तीस घरांचे दोन-दोन होते, सतराचा एकच. एकाच्या खाली दुसरा असला तर वरून तो एकच दिसतो. एक वाजता सतराने आकडा दाबला नव्हता. नेहमीसारखी मी समोर असते तर सव्वाला शेजारी किल्ली घेऊन आत गेला असता.

"तोवर ती गेलीच असेल आजी. डॉक्टर दहा ते बारा म्हणाले."

असेलही. डॉक्टर हात लावून बोलला, घड्याळ लावून नाही.

दुरुस्ती म्हणून त्यांनी एक शब्द काढला आणि एक घातला. पहिल्याचा अर्थ, करणार म्हणून ठेव. दुसऱ्याचा अर्थ, आत्ता कर. आणि दाबल्याची वेळ नोंदीबरोबरच बांधून दिली. एवढंच काम. मला वाटलं होतं भिंत तरी फोडावी लागेल.

सोमवार, १७

आता ठिपके आपले आपण येतात. मी पाठ करून बसले तरी येतात. ते मला जास्त वाईट वाटतं. मागे कोणीतरी खोलीत एकेक करून येतंय आणि बोलत नाही, असं पाठीला कळत राहतं.

आठ वाजून एक मिनिट. सतरा. हिरवा.

मी चहा ओतत होते, तो कपाच्या बाहेर गेला. 'बघ' केलं. यादीत सतरा, एक दाबला, एक्केचाळीस सेकंद. बाइंडरबाईला तीन सेकंद पुरायचे.

नातीला हाक मारली. तिने आधी दाढीकडे पाहिलं. सतरा नंबर यादीतून काढायचं काम त्याचं होतं आणि त्याचं राहून गेलं होतं. म्हणजे गुरुवारपासून ते बंद घर रोज तीनदा माझ्याच आवाजात विचारलं जात होतं, उठलात का.

"जुना असेल," मी म्हटलं. "आळसात कुठेतरी अडकलेला, आता सुटला."

"नाही आजी. आता वेळ दाबल्याचीच लागते."

बाहेर दुकानाच्या काचेवर एक बाई केस नीट करत होती. तिला आत आम्ही दिसत नव्हतो.

मंगळवार, १८

पुन्हा. आठला एकावन्न सेकंद. एकला छत्तीस. एक दाबण्याआधी इतका वेळ काय करतात तिकडे? माझं बोलणं नऊ सेकंदांत संपतं. नात म्हणाली, बोलणं संपलं की ते पुन्हा पहिल्यापासून वाजतं, कोणी दाबेपर्यंत. म्हणजे पाच-पाच वेळा ऐकतात आणि मग दाबतात.

दाढी म्हणाला, "मी आत्ता काढून टाकतो नंबर." मी म्हटलं, हात लावू नकोस. का म्हटलं ते माहीत नाही.

दुपारी मी स्वतः सतराला फोन लावला. लगेच उचलला. कोणी बोललं नाही, पण रिसीव्हरजवळ श्वास होता. मी म्हटलं, "हॅलो, कोण बोलतंय?" तिकडे हातातून काहीतरी पडलं आणि फोन बंद झाला.

माझ्या आवाजाला माणसं घाबरतात त्याची मला सवय आहे. धुलाईतल्या सगळ्या पोरी घाबरायच्या. पण हे घाबरणं तसलं नव्हतं. जो आवाज रोज तेच तेच बोलतो त्याने मधेच दुसरं काही विचारलं, तसलं होतं.

सहाला ठिपका. सत्तर सेकंद.

बुधवार, १९

आठ वाजून दोन मिनिटं. सतरा. लाल.

दोन दाबलं. त्या बाईने जिवंतपणी कधी दोन दाबलं नव्हतं. लाल आला की मी फोन करायचा, हा नियम. मी हात पुढे केला तोच आमचा फोन वाजला. वरती आकडा सतरा. नात जवळ होती, तिने उचलला. तिचा रंग उतरला, मग परत आला. तिने आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

बाइंडरबाईची लेक होती. रविवारी रात्रीपासून आईच्या घरी आहे. सामान आवरतेय.

"पहिल्या दिवशी फोन वाजला आणि कोणीतरी विचारलं, उठलात का," ती म्हणाली. "सवयीने एक दाबून टाकला. मग दाबत राहिले. तो आवाज कोणाचा आहे? आई सांगायची, एक बाई आहे, घाईत असते पण फोन करते."

नात माझ्याकडे बघायला लागली. मी तक्त्याकडे.

मग लेकीने जे विचारायचं होतं ते विचारलं. डॉक्टर सकाळ म्हणतात, पण तुमचा संदेश माझ्याकडे आहे, आई चार दहाला ठीक. खरं काय? "मला तेवढंच कळू दे. तिने मला दहाला फोन केला होता. मी उचलला नाही. मीटिंगमध्ये होते. चार दहाला ती बरी असेल तर तो फोन साधाच असेल ना? नेहमीचा?"

नात म्हणाली, "मी नीट तपासून सांगते तुम्हाला."

"उद्या आठला घराला कुलूप लावून निघायचंय. त्याआधी फोन करते. इथूनच करते, आईच्या फोनवरून," असं म्हणून तिने ठेवला.

त्यानंतर इथे जे झालं त्याला भांडण म्हणतात, आवाज न चढवता केलेलं. दाढीचं म्हणणं, चार दहावर तिचा जीव शांत होतोय तर होऊ दे, कोणाचं काय जातंय. नातीचं म्हणणं, पत्र लिहू, त्यात नोंदीच्या वेळेत तांत्रिक त्रुटी आढळली असं घालू. तीनदा लिहिलं. तीनदा वाचून दाखवलं. बाई मेली आहे हे तिन्ही पत्रांत कुठे आलंच नाही. मग नात टेबलावर डोकं ठेवून रडली. मी रडू दिलं. चूक तिची आहे, रडलं की बरं वाटतं, बाकी काही होत नाही.

माझं म्हणणं मी त्यांना सांगितलेलं नाही, इथे लिहितेय. चार दहाचा ठिपका त्या लेकीने आईच्या हातून आला म्हणून जपून ठेवलाय, आणि तो माझ्या हातून आलाय. तो तिच्याकडे ठेवायचा मला हक्क नाही. तो काढून घेतला की तिच्याकडे दहाचा न उचललेला फोन तेवढा राहील. म्हणून नुसता काढून घेऊन चालणार नाही. दहाला तिने उचलला नाही, तसं एकला आम्ही पाहिलं नाही. तिच्या आईने आम्हाला न दाबून सांगितलं होतं आणि तीन माणसांच्या ऑफिसात ते कोणी ऐकलं नाही. तिला सांगायचं ते दोन्ही मिळून, एका दमात. कागदावर नाही. आणि तो आवाज कोणाचा, तेही.

ती ओरडेल. मला ओरडणाऱ्या बायकांचं काही वाटत नाही. गप्प बसली तर काय करायचं, ते ठरवलेलं नाही.

आता हे पान मी वहीच्या पुढच्या बाजूला चिकटवून ठेवतेय, म्हणजे दोघांनाही आल्या आल्या दिसेल. उद्या आठला यंत्राने सतराला फोन करायचा नाही, दाढीने आत्ताच्या आत्ता तो नंबर बंद करावा. आठच्या सुमाराला आपला फोन वाजेल आणि वर सतरा दिसेल. नातीने हात लावायचा नाही. दाढीने त्या टेबलाजवळ उभंसुद्धा राहायचं नाही. तो फोन मी उचलणार. मी न्हाणीघरात असले तर वाजू दे, मी येईपर्यंत वाजू दे, पण दुसऱ्या कोणी हॅलो म्हणायचं नाही.